धरून ठेवण्याच्या तऱ्हा

इंग्लंडमधल्या बागांच्या लाकडी कुंपणांवर आयव्ही नावाचा सदाहरित वेल हमखास दिसतो. त्याच्या खोडाला बारीक मुळांचे झुपके फुटतात आणि ते लाकडाला घट्ट चिकटतात. ही मुळं लाकडातून अन्न शोषत नाहीत. त्यांचं काम नुसतं धरून ठेवायचं. तरीही कुंपण खचतं. कोवळा फुटवा दोन फळ्यांमधल्या फटीत शिरतो, तिथेच जाड होतो आणि फळ्या अलग करतो. दाट पानांच्या आड लाकूड ओलं राहून कुजू लागतं. मग कधी कधी, गंमत बघा, वेलच कुंपणाला सावरून उभा असतो!

वेल आधार कसा धरतात, याचं कुतूहल चार्ल्स डार्विन यांनाही होतं. त्यांनी आजारपणात खोलीतच वेल ठेवून त्यांच्या हालचाली न्याहाळल्या आणि 1865 मध्ये त्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात धरून ठेवण्याची दुसरी तऱ्हाही आहे. आपल्या काकडी-कारल्याच्या कुळातल्या वेलीचा तंतू आधाराला विळखा घालतो, मग स्वतःला पीळ देतो: अर्धा एका दिशेने, अर्धा उलट. त्यामुळे तो स्प्रिंगसारखा ताणला जातो, पण वाऱ्याने सहसा तुटत नाही. माणसाचे गुण वेलींना चिकटवू नयेत हे खरं, तरी मला आयव्हीपेक्षा कारलंच समजूतदार वाटतं.

दारात वेल लावणार असाल, तर मुळांनी चिकटणाऱ्याला पक्की, बिनभेगांची भिंत द्या. लाकडी जाळीवर तंतूंनी चढणारेच वेल सोडा.