दाराचे दान

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि पुण्याच्या कचेरीतील माझे दफ्तर लोणावळ्याच्या राहत्या घरी, मागच्या खोलीत येऊन बसले. पुढे टाळेबंदी उठली, तरी आठवड्यातील तीन दिवस ते तेथेच मुक्कामाला राहिले. पूर्वी सकाळच्या लोकलने मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी स्थानके मागे पडत, तसतसा माझ्यातील बाप मागे पडून नोकरदार जागा होई. ते सारे अंतर आता एका दाराच्या फळीत येऊन सामावले.

परवा भर पावसात, वरिष्ठांपुढे पडद्यावरून हिशेब मांडीत असता, सहा वर्षांच्या मुलीने दाराखालच्या फटीतून एक कागद आत सरकविला. तिने तेच दार काढले होते. कडी मात्र बाहेरच्या अंगाला होती. बैठक आटोपून दार उघडले, तो आईने उंबऱ्याशी ठेवलेला चहा साय धरून निवला होता. मुलीच्या हाकेला मी व्यत्यय म्हणत आलो. पण तिच्या घरात माझी कचेरी बिनपरवाना शिरली, त्याला काय म्हणावे?

एकांत हा कर्त्याचा हक्क की त्याच्यावरील ऋण, हा प्रश्न मावळात नवा नाही. देहूहून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणाऱ्या तुकोबांच्या मागोमाग त्यांच्या पत्नी जिजाबाई भाकरी घेऊन चढत, आणि एकदा जिजाबाईंच्या पायात रुतलेला काटा प्रत्यक्ष विठ्ठलाने काढला, असे परंपरा सांगते. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. पण जिजाबाईंच्या भाकरीचे खत कोणी लिहूनच ठेवले नव्हते, त्यामुळे ते बुडविण्याचीही सोय नव्हती.

जवळच्याच कार्ल्याच्या लेण्यातील बौद्ध भिक्षू या बाबतीत अधिक चोख. तेथील चैत्यगृहावरच्या एका लहानशा ब्राह्मी लेखात, धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधविक्याने दाराचे दान दिल्याचे नमूद आहे. घर सोडलेल्यांच्या वास्तूचे दार घरात राहिलेल्या दुकानदाराच्या पैशातून उभे राहिले, आणि ते दगडावर कोरून ठेवण्यात त्या विरक्तांना कमीपणा वाटला नाही. (त्याच लेण्यासमोर आज एकवीरेचे देऊळ आहे, आणि जावळासाठी आणलेल्या पोरांचा टाहो थेट चैत्यात घुमतो. सिंहदत्ताला तो परका वाटला नसता.)

माझ्या बंद दाराचे दानकर्ते दोन: एक सत्तरीची आई, दुसरी ही मुलगी. पत्नी शाळेत शिकविते, ती दुपारी परतेपर्यंत नातीला गोष्टी सांगून, दाणे सोलायला बसवून, प्रसंगी दटावून, आई माझ्यासाठी शांतता निर्माण करते. महिनाअखेरीस पगार तेवढा माझ्या नावावर जमा होतो. कामाच्या आणि संसाराच्या समतोलाविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु तराजू कोणाच्या हाती आहे, ही चौकशी सहसा होत नाही.

तो कागद मी दाराच्या बाहेरच्या अंगाला डकविला. आईने चष्मा वर सारून तो न्याहाळला आणि विचारले, "मग, बसवायची का रे कडी बाहेरून?"

मी अद्याप उत्तर दिलेले नाही.