गेलेल्या दृष्टीची भरपाई मागावी काय?

दैवानें झालेलें नुकसान मनुष्य सोसतो. परंतु दुसऱ्याच्या हयगयीनें झालेलें नुकसान त्यानें मुकाट्यानें सोसावें, कीं त्याची भरपाई मागावी, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. मागणाऱ्यास लोक लोभी म्हणतात व न मागणाऱ्यास भोळा म्हणतात. पण काय मागावयाचें, कोणत्या मनानें मागावयाचें, याचा विचार क्वचितच कोणी करतो. एका प्रसंगानें हा प्रश्न माझ्या दाराशीं आला, व त्या प्रसंगीं मी प्रथम चुकलों, म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

आमच्या भागांतील एका शेतकऱ्याच्या मुलास लहानपणापासून चष्मा होता. ज्या नोकरीच्या भरतीची तो तयारी करीत होता, तींत चष्मा चालत नव्हता. शहरांतील एका खासगी रुग्णालयांत लेसर किरणांनीं चष्म्याचा नंबर घालवितात असें ऐकून बापानें बैलजोडी विकली व पैसे उभे केले. अर्ध्या तासांत दोन्ही डोळ्यांचें काम झालें. पहिले कांहीं महिने मुलगा आनंदांत होता. पुढें उजव्या डोळ्यास एका दिव्याचे तीन दिवे दिसूं लागले, अक्षरें वांकडीं दिसूं लागलीं, आणि चष्मा लावूनहि तें सुधारेना. दुसऱ्या नेत्रवैद्यानें जुने कागद मागवून पाहिले, तेव्हां असें निघालें कीं, शस्त्रक्रियेपूर्वीं काढलेल्या नकाशांतच त्या डोळ्याचा पडदा खालच्या अंगास फुगीर दिसत होता. असा डोळा या शस्त्रक्रियेस योग्य नसतो. नकाशा काढला गेला होता. तो नीट वाचला मात्र कोणीं नव्हता.

तो तरुण मजकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, मी भरपाई मागूं का? बाबा म्हणतात, देवाची इच्छा, गप्प राहा. मामा म्हणतात, वीस लाखांचा दावा ठोक. तुम्ही काय म्हणतां?" मीं म्हटलें, "बाळ, क्षमा कर आणि विसरून जा." तो कांहीं न बोलतां उठला. बाहेर पडतांना पायरीचा अंदाज चुकून तो ठेंचाळला, तें मीं पाहिलें. आणि त्या रात्रीं मला माझ्या उत्तराची लाज वाटली. मीं त्याला क्षमा शिकविली नव्हती. माझ्या अंगावर येणारें ओझें मात्र चुकविलें होतें.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे हयगय नव्हे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतो. लेसरच्या नेहमींच्या शस्त्रक्रियेंत त्याचा एक पातळ पापुद्रा उचलतात, खालचा थोडासा भाग किरणांनीं झिजवून पडद्यास नवा बांक देतात, आणि पापुद्रा परत बसवितात. म्हणून आधीं पडद्याची जाडी मोजावी लागते, त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा काढावा लागतो, नंबर स्थिर झाला आहे कीं नाहीं तें पाहावें लागतें, आणि डोळ्यांत भिंग घालण्याची संवय असल्यास ती कांहीं दिवस सोडावी लागते. हें सर्व करूनहि कित्येकांचे डोळे कोरडे पडतात व रात्रीं दिव्यांभोवतीं वलयें दिसतात. बहुतेकांचा हा त्रास काळानें कमी होतो, कांहींचा राहतो. क्वचित् सर्व तपासण्या निर्दोष असूनहि पडदा पुढें फुगतो. हा अपघात होय. परंतु धोका आधीं न सांगणें, तपासणी न करणें, किंवा केलेली तपासणी न वाचणें, ही हयगय होय. पाऊस न पडल्यामुळें पीक जळालें तर आपण गड्यास दोष देत नाहीं. पण दारें धरावयास बसविलेला गडी झोंपीं गेला व वाफे वाहून गेले, तर दोष त्याचाच.

कायदाहि हाच भेद करतो. १९५७ सालीं इंग्लंडांतील एका खटल्यांत असें ठरलें कीं, वैद्याची परीक्षा त्याच धंद्यांतील साधारण कुशल मनुष्याच्या मापानें करावी. सर्वांत निष्णात मनुष्याच्या मापानें नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं हेंच तत्त्व मान्य करून, केवळ निर्णयाची चूक अथवा अपघात म्हणजे हयगय नव्हे, असें स्पष्ट सांगितलें. म्हणून ज्यास भरपाई मागावयाची आहे, त्यानें आधीं आपल्या दुःखाचा नव्हे, तर घडलेल्या गोष्टीचा शोध करावा.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, डोळ्याची किंमत पैशांत होत नाहीं. मग पैसे मागणें हें डोळा विकण्यासारखेंच नव्हे काय? सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांत असें होतें कीं, वैद्याच्या शस्त्रानें सरदाराचा डोळा गेला तर वैद्याचे हात तोडावे. गुलामाचा गेला तर त्याच्या किंमतीची अर्धी चांदी वैद्यानें भरावी. हात तोडल्यानें रोग्यास दृष्टि आली नाहीं, आणि गांवचा वैद्य मात्र गेला. गुलामाचा डोळा गेला तेव्हां चांदी मोजली ती धन्याच्या मालाची खोट म्हणून. त्या गुलामाच्या अंधाराचा विचार तींत नव्हता. मोशेच्या नियमशास्त्रांत निराळा विचार दिसतो. धन्याच्या मारानें दासाचा डोळा गेला तर त्या डोळ्याबद्दल त्या दासासच मोकळें करावयाचें होतें. आणि भांडणांत जखमी झालेल्याचा बुडालेला वेळ भरून देऊन त्यास पुरा बरा करवावयाचें होतें. येथें भरपाई ही डोळ्याची किंमत नव्हे. ज्याचा डोळा गेला त्याचें पुढील जिणें पुन्हा उभें राहावें, हा तिचा हेतु आहे.

आपल्याच काळांतील दोन गोष्टी पाहा. १९८६ सालीं उत्तर प्रदेशांत खुर्जा येथें भरलेल्या नेत्रशिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या लोकांपैकीं ८४ जणांचा तो डोळा कायमचा अधू झाला. सरकारनें प्रत्येकी ५,००० रुपये दिले होते. १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आणखी १२,५०० रुपये देण्याचा हुकूम केला. दुसरी गोष्ट तामिळनाडूंतील. १९९६ सालीं मुदतीपूर्वीं जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची वेळेवर तपासणी सरकारी रुग्णालयांत झाली नाहीं; झाली असती तर लेसरनेंच तिची दृष्टि वांचविण्याचा उपाय करतां आला असता. ती आंधळी झाली. तिच्या बापानें जवळजवळ अठरा वर्षें न्याय मागितला, आणि २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सुमारें १ कोटी ८० लाख रुपये देवविले. एकीकडे साडेसतरा हजार, दुसरीकडे पावणेदोन कोटींहून अधिक! हे आंकडे डोळ्याचे भाव असते, तर जगांत याहून मोठा अन्याय नसता. परंतु दुसऱ्या निकालांत न्यायाधीशांनीं त्या मुलीस जन्मभर काय लागेल याचा हिशेब केला, आणि भरपाई मोजण्याची खरी रीति तीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: क्षमा करावयास शिकलेल्यानें न्यायालयाची पायरी चढावी काय? करिंथ येथील मंडळींतील भाऊ भावावर खटला करीत होते म्हणून पौलानें त्यांस खडसाविलें, हें खरें. पण तोच पौल फिलिप्पै येथें चौकशीवांचून फटके बसल्यावर, गुपचूप निघून जाण्यास तयार झाला नाहीं. अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें, असें त्यानें म्हटलें. त्यानें पैसा मागितला नाहीं, सूडहि मागितला नाहीं. झालेली गोष्ट झाली असें कबूल करा, एवढेंच मागितलें. क्षमा ही मनांतील वैराची असते. वैर सोडणें माझ्या हातीं आहे. परंतु माझ्या हयगयीनें तुझें नुकसान झालें हें कबूल करून तें भरून देणें, हें दुसऱ्याचें कर्तव्य आहे, आणि मीं वैर सोडल्यानें तें नाहींसें होत नाहीं. जक्कयानें पश्चात्ताप केला तेव्हां कोणी न मागतां चौपट परत देऊं केलें. जो स्वतः होऊन देत नाहीं त्यास आठवण देणें हें वैर नव्हे. शिवाय, ज्या बैलांवर घर चालत होतें ते बापाचे होते, आणि ज्या बहिणीचें शिक्षण थांबलें ती निराळी. त्यांच्या वांट्याचें नुकसान माफ करण्याचा अधिकार मुलास कोणीं दिला? आणि मला तरी कोणीं दिला?

तिसरा आक्षेप असा कीं, डॉक्टर हे उपकारकर्ते. त्यांच्यावर दावे होऊं लागले तर ते कठीण रोग्यास हात लावणार नाहींत. ही भीति पोकळ नाहीं. भिऊन वागणारा डॉक्टर नको त्या तपासण्या लिहून देतो, त्यांत गरीबच बुडतो. म्हणूनच २००५ च्या त्याच निकालांत डॉक्टरांवर उठल्यासुटल्या फौजदारी खटले भरण्यास न्यायालयानें आळा घातला. आपल्याकडे याहूनहि वाईट गोष्ट घडते: रोगी दगावला कीं नातेवाईक रुग्णालयाच्या कांचा फोडतात व डॉक्टरांस मारहाण करतात, तें थांबविण्यासाठीं महाराष्ट्रांत २०१० सालीं निराळा कायदा करावा लागला. दगड मारणें हा हम्मुराबीचाच मार्ग आहे. उलट, कागद घेऊन शांतपणें केलेली मागणी डॉक्टरास उत्तर देण्याची संधि देते, आणि पुढच्या रोग्याचा नकाशा तरी वाचला जावा अशी आशा ठेवते.

दुसऱ्या दिवशीं मी त्या तरुणाच्या घरीं गेलों व माझें उत्तर परत घेतलें. मग आम्हीं प्रभूनें घालून दिलेल्या क्रमानेंच जाण्याचें ठरविलें: प्रथम ज्यानें दुखविलें त्याच्याकडेच. रोग्यानें मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांच्या आंत द्यावे, असा डॉक्टरांना नियम आहे. ते आम्हीं मिळविले. दुसऱ्या नेत्रवैद्याचें मत लेखी घेतलें. डॉक्टरसाहेब सभ्यपणें बोलले, त्यांनीं नकाशा बराच वेळ पाहिला, पण चूक कबूल केली नाहीं. तेव्हां जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग राहिला. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखालीं येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ठरविलें आहे. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्याप्रमाणें तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आंत केली पाहिजे, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास फी पडत नाहीं, आणि वकील देणें सक्तीचें नाहीं. जें रुग्णालय सर्वांसच फुकट उपचार देतें, त्याच्याविरुद्ध मात्र या आयोगाकडे जातां येत नाहीं. तेथें दिवाणी न्यायालयाचा मार्ग असतो.

तक्रार लिहितांना खरी कसोटी लागली. तीन महिन्यांनीं पुन्हा तपासणीस यावें असें रुग्णालयानें त्याला लिहून दिलें होतें; कापणीच्या दिवसांत तो गेला नव्हता. मामा म्हणाले, "हें लिहूं नको, दावा पडेल." तरुण माझ्याकडे पाहूं लागला. मीं म्हटलें, "ज्यानें कागद वाचला नाहीं त्याच्याकडून तूं सत्य मागतोस, मग तुझ्या हातचा कागद तूं लपवावास काय?" त्यानें तें लिहिलें. विकलेली बैलजोडी, पुढील उपचार, पडदा आणखी फुगूं नये म्हणून करावयाची क्रिया, बुडालेली मजुरी, आणि अधू डोळ्यानें काढावयाचीं वर्षें, यांचा हिशेब मांडला. वीस लाखांचा आंकडा ज्या रागांतून आला होता तो राग हिशेबांत घेतला नाहीं. प्रकरण अद्याप चालू आहे. निकाल कसाहि लागो. त्या डॉक्टरांचें नांव घेतांना त्याच्या तोंडावर पूर्वीं जी कटुता येई ती आतां येत नाहीं, हें मी पाहतों.

उपदेशक बंधूंनो, दुःखी मनुष्य आपल्या दाराशीं सल्ला मागावयास येतो तेव्हां "सोडून दे" हा शब्द आपल्या जिभेवर फार लवकर येतो, कारण त्यानें आपलें कांहींच खर्चीं पडत नाहीं. आधीं त्याचे कागद वाचा. अपघात असेल तर तसें त्याला धैर्यानें सांगा व त्याच्याबरोबर रडा. हयगय असेल तर त्याच्याबरोबर चाला. वैर सोडण्यास त्याला शिकवा. पण सत्य सोडण्यास शिकवूं नका. ज्याला स्वतःच्या दोषाचाहि उल्लेख करण्याची लाज वाटत नाहीं, त्यानें आपला हक्क मागण्याची लाज कशास धरावी?