अपुऱ्या कामाचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्ये चांगला गवंडी मिळणे कठीण होते. मृग लागण्यापूर्वी गच्चीचा कोबा, भिंतीचा गिलावा, मोरीची गळती उरकून घ्यावी, अशी घराघरांत घाई असते. जुन्या नाशकातील दगड-माती-लाकडाच्या वाड्यांना तर महानगरपालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक म्हणून नोटिसा देते. तेथे दुरुस्ती ही हौस नसते. या घाईच्या दिवसांत एखादा ठेकेदार चार-पाच घरांचा इसार एकदमच घेतो, प्रत्येक घर थोडे थोडे उकलून ठेवतो आणि एके दिवशी फोन उचलणे बंद करतो. गच्चीवर उखडलेला कोबा, कोपऱ्यात परांचीच्या बल्ल्या आणि वर भरून आलेले आभाळ एवढे घरमालकाच्या वाट्याला उरते.

असा घरमालक अन्यायग्रस्त आहे, यात शंका नाही. सूरह माइदाचा आरंभच करार पूर्ण करण्याच्या आदेशाने होतो (5:1). माननीय प्रेषितांनी (स.) दांभिकाची जी लक्षणे सांगितली, त्यांत वचनभंग आणि अमानतीतील खयानत या दोहोंची गणना आहे. ही शिकवण आपल्याला अशा वेळी चटकन आठवते, कारण ती समोरच्याला लागू पडत असते. खरा कठीण प्रश्न त्यापुढचा आहे. त्याने करार मोडला, म्हणून आपण कशातून मुक्त झालो आणि कशातून झालो नाही?

समजा, केवळ मजुरीचा ठेका 90,000 रुपयांचा ठरला. घरमालकाने 30,000 दिले. निम्मे काम झाले आणि ठेकेदार नाहीसा झाला. महिन्याभराने तो दारात उभा राहून म्हणतो, "झालेल्या कामाचे 15,000 तरी द्या." घरमालक उत्तरतो, "माझा हंगाम तू वाया घालवलास, आता एक पैसाही मिळणार नाही." ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जण मान डोलावतील. तरीही हे उत्तर न्यायाचे आहे काय, हे पाहिले पाहिजे.

फिकहच्या विद्वानांनी मजुरी घेणाऱ्यांचे दोन प्रकार मानले आहेत. एक 'अजीर खास', जो ठरावीक वेळ एकाच मालकाला देतो आणि वेळेचा मोबदला घेतो. दुसरा 'अजीर मुश्तरक', जो अनेकांची कामे अंगावर घेतो आणि ज्याचा मोबदला कामाशी बांधलेला असतो. ठेकेदार दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून "मी इतके दिवस आलो" हे त्याचे म्हणणे पुरेसे नाही, आणि न झालेल्या कामाची मजुरी मागण्याचा त्याला हक्क नाही. परंतु जी भिंत त्याने सरळ उभी केली, जी आपल्या घरात राहिली आणि जिच्या आडोशाला आपली मुले झोपतात, तिचे मोल त्याच्या वचनभंगाने शून्य होत नाही. पुरेपूर काम करून घेऊन मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. घेताना माप पूर्ण भरून घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्या विनाशाचा इशारा सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी आहे. तो केवळ वाण्याच्या तराजूपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मग नुकसानीचे काय? ते वजा करता येते, मात्र जे खरोखर झाले तेवढेच. दुसऱ्या गवंड्याला जास्त दर द्यावा लागला, ओल उतरून छत खराब झाले, पुन्हा सिमेंट आणावे लागले, तर हे आकडे मांडता येतात. संतापाचा आकडा मांडता येत नाही. वर दिलेल्या उदाहरणात प्रत्यक्ष नुकसान 8,000 निघाले, तर ठेकेदाराचे 7,000 घरमालकाकडे निघतात. नुकसान 20,000 निघाले, तर उलट 5,000 ठेकेदाराने द्यावयाचे आहेत.

उशिरासाठी आधीच दंड ठरवता येईल काय, असेही विचारले जाते. हनफी ग्रंथांत एका शिंप्याचे उदाहरण येते. आज शिवून दिलेस तर एक दिरहम, उद्या दिलेस तर अर्धा, अशी बोली झाली. इमाम अबू हनीफा यांनी पहिली अट मान्य केली आणि दुसऱ्या दिवसासाठी प्रचलित मजुरी ठरवावी असे म्हटले. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी दोन्ही अटी ग्राह्य धरल्या. आपल्या काळात 1992 साली जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने, काम करवून घेण्याच्या 'इस्तिस्ना' या करारात उशिराची दंड-अट मान्य केली. काबूबाहेरच्या आपत्तीचा अपवाद ठेवला. यात एक भेद ध्यानात ठेवावा. कामाच्या विलंबाची कपात वेगळी आणि देणे थकले म्हणून रकमेवर चढवलेली वाढ वेगळी. ही वाढ व्याजच होय, आणि ती घरमालकाने मागितली काय किंवा ठेकेदाराने, निषिद्धच राहते.

इसाराच्या रकमेविषयी आपल्याकडे फारसा विचार होत नाही. मजुरीपोटी दिलेला हप्ता ठेकेदाराचा होतो, कामाच्या जबाबदारीसह. परंतु "सिमेंट आणि लाद्या आणून दे" म्हणून दिलेले पैसे त्याच्याकडे अमानत असतात. ते त्याने आधीच्या घराच्या मजुरांना वाटले, तर पुढे आपले काम पूर्ण केले तरी खयानत घडलीच. पुष्कळ ठेकेदारांचा डोलारा याच उसनवारीवर उभा असतो, आणि कोणता पैसा कशासाठी दिला हे न लिहिणारे आपणच त्याला वाट मोकळी करून देतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश देणारी आयत (2:282) ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. तरी मस्जिदीत शेजारी उभा राहणारा मिस्त्री असला की कागद काढणे आपल्याला अविश्वासाचे वाटते. मदयनच्या वृद्ध गृहस्थाने हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवले तेव्हा मुदत स्पष्ट सांगितली, तिच्यापुढची वर्षे ऐच्छिक असल्याचे सांगितले, आणि दोघांनी अल्लाहला साक्षी ठेवले (28:27-28). ते तर पुढे सासरे-जावई होणार होते.

काम थांबले म्हणजे फसवणूकच झाली, असेही नाही. ठेकेदार परांचीवरून पडलेला असू शकतो, किंवा त्याचेच पैसे कुठे अडकलेले असू शकतात. जो खरोखर अडचणीत आहे, त्याला सवड देण्याचा आदेश आहे (2:280). जो दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्याच्या घराला गिलावा करीत आहे, त्याची गोष्ट निराळी. ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. एक मनुष्य आपल्या उंटाचे येणे मागताना प्रेषितांशीच (स.) कठोर बोलला. सहाबा (र.) त्याच्यावर धावून गेले, तेव्हा हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे असे सांगून प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि त्याला अधिक चांगला उंट देवविला.

म्हणून तक्रार करणे सब्रच्या विरुद्ध आहे, हा समज मला मान्य नाही. प्रथम मोहल्ल्यातील दोन जाणत्यांना मध्ये घेऊन समेट करावा. तो झाला नाही, तर लेखी नोटीस द्यावी आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. घरबांधणी हीदेखील ग्राहक कायद्यातील 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवले. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे मार्गदर्शन मिळते.

बोलण्याचा अधिकार आहे, पण कोठे? मोबाइलवरील गटात त्याचा फोटो टाकून त्याच्या घराण्याचा उद्धार करणे हे हक्क मागणे नव्हे. मात्र शेजाऱ्याने "याला काम द्यावे काय?" असे विचारले, तर गिबतीच्या भीतीने गप्प बसणेही योग्य नाही. फातिमा बिन्ते कैस (र.) यांनी विवाहासंबंधी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मागणी घालणाऱ्या दोघांतील उणिवा त्यांना स्पष्टपणे सांगितल्या. तेवढेच आणि विचारणाऱ्यालाच सांगावे.

क्षमा निःसंशय श्रेष्ठ आहे (42:40). पण घर वडिलोपार्जित असेल आणि दुरुस्तीला बहिणीचाही पैसा लागला असेल, तर थोरल्या भावाने मोठ्या मनाने सोडून दिलेली रक्कम पूर्णपणे त्याची नसते. त्याने आपला वाटा सोडावा; बहिणीचा तिला विचारून.

आणि हे सर्व ठरवावयाचे, तर नवा गवंडी थापी हातात घेण्याआधी दोन निःपक्ष माणसांनी टेप लावून झालेले काम मोजावे, फोटो काढावेत आणि शक्य असल्यास जुन्या ठेकेदारालाही बोलवावे. नवा गिलावा चढल्यावर त्याखाली कोणाचे किती काम होते, हे कोणालाच सांगता येत नाही.