वेद संदर्भसूचीत कुणाच्या नावावर लावायचे?

लेखक-वर्ष पद्धतीच्या कंसात दोनच गोष्टी मावतात, आडनाव आणि सन. ‘(काणे १९४१)’ एवढ्यावरून वाचक शेवटच्या सूचीत जातो आणि ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडापाशी पोचतो. या पद्धतीचा उगम सामान्यपणे हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या, गोगलगाईच्या अंड्यांवरील प्रबंधात दाखवतात. निरीक्षण कुणी केले आणि कधी, हे दोन प्रश्न सुटले की प्राणिशास्त्रज्ञाचे काम भागते. पुढे लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी ओरेन पाटाश्निक यांनी बिबटेक हा सूचीकार प्रोग्रॅम लिहिला, पॅट्रिक डेली यांच्या नॅटबिबने लेखक-वर्ष मांडणी सोपी केली आणि आता बिबलाटेक व बायबर ही जोडी युनिकोडमधली देवनागरी नावेही नीट लावते. प्रत्येक नोंदीत ‘ऑथर’ आणि ‘डेट’ हे रकाने असतात. प्रबंध मीमांसा दर्शनावरचा असला की अडचण नेमकी तिथेच येते.

या दोन रकान्यांत ज्ञानाविषयीची एक भूमिका दडलेली आहे. विधानाला धनी असतो, त्याला जाब विचारता येतो आणि तो कोणत्या काळी बोलला यावर त्याच्या बोलण्याचे वजन ठरते. न्यायदर्शनाला यातला पहिला भाग पटला असता. न्यायसूत्रांनुसार (१.१.७) शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा उपदेश. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. मग तो ऋषी असो वा म्लेच्छ, हे वात्स्यायनांचे स्पष्टीकरण. नैयायिकांना वेदालाही कर्ता हवाच, आणि तो ईश्वर. म्हणजे त्यांच्या नोंदीत ‘ऑथर’ भरलेला आणि ‘डेट’ तेवढा रिकामा राहील.

मीमांसक मात्र पहिल्या रकान्यालाच हरकत घेतात; त्यांच्या मते वेद अपौरुषेय आहे, त्याला कर्ताच नाही. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे, कारण माणूस चुकतो, फसतो, फसवतो. वक्ताच नसेल तर दोषाला राहायला जागा उरत नाही, असा कुमारिल भट्टांचा ‘श्लोकवार्तिका’तला युक्तिवाद आहे. आजचा संशोधक निनावी मजकुराकडे संशयाने पाहतो. कुमारिलांच्या लेखी वेदाचे अकर्तृत्व हीच त्याची हमी. ज्ञान मुळात स्वतःप्रमाण असते, ते खोटे ठरवायला कारण लागते, हा सिद्धान्त मान्य केल्याशिवाय हा युक्तिवाद उभा राहत नाही, आणि वाद खरा तिथेच आहे.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांतले पूर्वपक्षी तर जवळजवळ आजच्या ग्रंथपालाच्याच शंका काढतात. वेदाच्या एका शाखेचे नाव ‘काठक’ आहे, मग कठ हा तिचा लेखक का नव्हे? उत्तर असे, की कठाने ती रचली नाही. तिचे उत्तम प्रवचन केले म्हणून नाव पडले. दुसरी शंका कालनिर्णयाची. वेदात बबर प्रावाहणीचा उल्लेख आहे; म्हणजे प्रवाहणाचा मुलगा जन्मल्यावरच तो मजकूर तयार झाला असणार. सूत्रांचे भाष्यकार शबर यांचे उत्तर असे, की ते माणसाचे नावच नाही, वाहणाऱ्या वाऱ्याला उद्देशून तो शब्द आहे. उत्तर ओढूनताणून दिलेले वाटते. पण एक विशेषनाम मान्य केले की सन आला, आणि सन आला की नित्यत्व गेले, हे शबरांना पक्के ठाऊक होते.

वैदिक परंपरेला सूची माहीत नव्हती असे मात्र नाही. कात्यायनांच्या ‘सर्वानुक्रमणी’त ऋग्वेदाच्या सूक्तासूक्ताची नोंद आहे. तिचे रकाने ऋषी, देवता आणि छंद. पहिल्या सूक्ताचा ऋषी मधुच्छंदस, देवता अग्नी, छंद गायत्री. हा ऋषी मंत्राचा द्रष्टा मानला जातो, म्हणून त्याला सरळ ‘ऑथर’मध्ये बसवणे म्हणजे वादात एक बाजू घेणे होय. सनाला त्या सूचीत स्थानच नाही.

प्रणाली मात्र रकाना मोकळा सोडत नाही. बिबलाटेकमध्ये लेखक नसेल तर लेखक-वर्ष शैली संपादकाचे नाव घेते, तो नसेल तर, तसा पर्याय चालू केला असल्यास, अनुवादकाचे, आणि तोही नसेल तर शीर्षक पुढे करते. तारखेचेही तसेच. ‘डेट’ नसली तर मूळ प्रकाशनाचे वर्ष, तेही नसले तर ‘यूआरएलडेट’, म्हणजे संकेतस्थळ पाहिल्याची तारीख, आणि काहीच न सापडल्यास ‘तारीख नाही’ अशी खूण. एखाद्याने संहिता संगणकावर वाचून फक्त पाहिल्याची तारीख भरली, तर कंसात ‘(ऋग्वेद २०२४)’ उमटू शकते. अपौरुषेयत्वाची याहून मोठी थट्टा नैयायिकांनाही साधली नसती. अंदाजे वर्षाची सोय आहे, आकड्यापुढे ‘~’ लावला की झाले. इसवी सनापूर्वीची वर्षेही चालतात, फक्त शून्य वर्ष मोजले जात असल्यामुळे इ. स. पू. २०० साठी ‘-०१९९’ भरावे लागते.

यातला प्रामाणिक मार्ग म्हणजे ग्रंथ आणि आवृत्ती यांना वेगळे ठेवणे. मजकुरात ग्रंथाचे संक्षिप्त नाव व मंडल-सूक्त-ऋचा यावी. त्यासाठी ‘शॉर्टहँड’ रकाना आहे, तो भरला की नाव-सन गळून पडतात. नुसता आकडा दिला तर प्रणाली तो पानाचा समजते, म्हणून ‘पॅजिनेशन’मध्ये श्लोक असल्याचे सांगावे. सूचीत मात्र संपादक व वर्ष हवेच: ऋग्वेदासाठी, समजा, पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाची सायणभाष्यासह १९३३ ते १९५१ मध्ये निघालेली आवृत्ती. अभ्यासकाने वाचलेला पाठ कुणीतरी निवडलेला असतो, आणि त्या निवडीला धनी आहे. महाभारताच्या बाबतीत हे अधिकच खरे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व वि. स. सुकथनकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केले. ‘(व्यास १९३३)’ हे हास्यास्पद दिसते, ‘(सुकथनकर १९३३)’ दिसत नाही.

ज्ञानेश्वरीत हा पेच बराच सैल आहे, कारण कर्ता आणि शक दोन्ही ग्रंथाच्या अखेरीस आलेले आहेत. तरी हाती येणाऱ्या पाठामागे शके १५०६ मधले एकनाथांचे शुद्धीकरण असते. म्हणून ‘ऑथर’मध्ये ज्ञानदेव, मूळ वर्षाच्या रकान्यात १२९०, ‘डेट’मध्ये वापरलेल्या छापील प्रतीचे वर्ष आणि ‘एडिटर’मध्ये त्या प्रतीचा संपादक असे भरावे; एकनाथांचा उल्लेख टिपेच्या रकान्यात करावा. शके १२१२ तसेच लिहिले तर प्रणाली तो इसवी सन समजून ग्रंथ अठ्ठ्याहत्तर वर्षे आधीचा दाखवते.