दानातला दोष

आपल्याला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्यास दिली, तर त्यास दान म्हणावे काय? या प्रश्नाने एकदा आम्हांस चांगलेच अडचणीत टाकले.

२००८ सालची गोष्ट. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, एका धर्मग्रामात आम्ही सेवेस होतो. कार्यालयातील संगणक मधूनमधून आपोआप बंद पडू लागला. नवा घ्यावा आणि जुना मुलांच्या वसतिगृहास द्यावा, असे आम्ही ठरविले. तो बंद पडतो, हे सांगण्याचे मात्र आमच्या मनात नव्हते.

देण्यापूर्वी साफ करावा म्हणून तो दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाकडे नेला. त्याने पेटी उघडून मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी उभे असलेले चार कपॅसिटर दाखविले. एकाचे डोके फुगून तपकिरी द्रव बाहेर आला होता. अशा कपॅसिटरात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये द्रावणात भिजविलेला कागद गुंडाळलेला असतो. प्रोसेसरकडे जाणाऱ्या विजेतील चढउतार सावरणे, हे त्याचे काम. द्रावणच निकस असले की आत वायू साठतो. १९९९ नंतरच्या काही वर्षांत तैवानमध्ये बनलेल्या असंख्य कपॅसिटरांत हाच दोष निघाला आणि जगभरचे संगणक बंद पडले.

तरुण म्हणाला, "फादर, एक बदलला तरी मशीन चालेल. पण बाकीचे तीनही त्याच खेपेचे आहेत. वरून चांगले दिसतात, इतकेच."

"वसतिगृहालाच द्यायचाय, एकच बदल," हे शब्द आमच्या ओठांवर आले आणि आम्ही थबकलो. संगणक स्वतःसाठी ठेवायचा असता, तर आम्ही चारही बदलून घेतले असते!

चारही बदलले. नवे घेताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्टची मर्यादा तितकी किंवा अधिक, आणि १०५ अंश सेल्सिअस उष्णता सोसणारे, असे त्याने पाहून घेतले. जुने काढण्यापूर्वी ऋण टोक कोणत्या बाजूस आहे, हे टिपून ठेवले. कारण उलटा बसविलेला कपॅसिटर फुटू शकतो. कथील वितळविताना त्याने जराही घाई केली नाही.

कोणी म्हणेल, गरिबास काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे. खरे आहे. थोडे देण्यात दोष नाही. ठाऊक असलेला दोष लपवून देण्यात आहे. शुभवर्तमानातील विधवेची दोन नाणी थोडी होती, खोटी नव्हती. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाऊदातो सी' या परिपत्रकात टाकून देण्याच्या संस्कृतीविषयी सावध केले. टाकून देण्याची एक सभ्य रीतही असते, वाचकहो. आपला कचरा दान म्हणून दुसऱ्याच्या दारी ठेवायचा आणि वर आभारही घ्यायचे.

संगणक देताना काय बदलले आणि यंत्र किती जुने आहे, हे आम्ही कागदावर लिहून दिले. नाताळापूर्वी आपण कपाटे आवरतो, कपडे, खेळणी, भांडी बाजूला काढतो. तेव्हा एवढेच विचारावे: हे आपण आपल्याच लेकरास दिले असते काय?