शून्याचा निरोप

ताडोब्याच्या जंगलाला खेटून एक गाव आहे. चंद्रपूर जिल्ह्यात अशी गावं पुष्कळ, म्हणून नाव सांगत बसत नाही. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडू लागली की तिथली माणसं टोपल्या घेऊन पहाटेच्या अंधारातच रानात शिरतात. उशीर झाला तर फुलं हरणं नि ढोरं खाऊन टाकतात. मग मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. दोन्ही कामं वाकून करायची, आणि वाकलेल्या माणसाला वाघ माणूस म्हणून ओळखेलच असं नाही, असं रानातली जाणती माणसं सांगतात.

गावातल्या एका बाईवर मागच्या हंगामात वाघाने झडप घातली. ती वाचली, पण उजवा हात कायमचा अधू झाला. त्यानंतरच्या ग्रामसभेत ठरलं की रानात जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी सिमकार्डवर चालणारा कॅमेरा बांधायचा. समोरून जनावर गेलं की तो आपोआप फोटो काढतो आणि मोबाइलवर पाठवतो. वनखात्याची परवानगी गावच्या वनरक्षकाने आणली. पैसे ग्रामपंचायतीने द्यायचे ठरले.

आता कॅमेरा कोणता घ्यायचा, यावर गावात दोन तट पडले.

हे कॅमेरे मुळात आपल्या रानासाठी जन्मलेले नाहीत. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतला हरणाचा शिकारी. परवाना काढून तो शरदात रानात उतरतो. मोठ्या शिंगांचा नर कोणत्या वाटेने, किती वाजता जातो, हे त्याला घरबसल्या हवं असतं. तिथेही यावरून वाद आहेत. जनावराला निसटायला जागाच राहत नाही, या कारणाने अॅरिझोना राज्याने २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे लावायला बंदी केली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीलाच बंदी आहे, तेव्हा आपल्या हातात हा कॅमेरा आला तो वाघ मोजायला आणि वाघापासून माणूस वाचवायला. पण खोक्यावर चित्र अजून हरणाचंच असतं, आणि ते हरीण थंड हवेतल्या रानातलं. ही गोष्ट कळणं पुढे गावाच्या फार कामी आलं.

नागपूरच्या दुकानदाराने दोन कॅमेरे दिले. पंधरा दिवस वापरून पाहा, नको तो परत करा, म्हणाला. एकाच्या खोक्यावर भलेमोठे आकडे होते. मेगापिक्सेल इतके, व्हिडिओ असा, आवाजही टिपणार. दुसरा ओबडधोबड, किमतीने कमी. सफारीवर गाइडचं काम करणाऱ्या पोरांचा जीव पहिल्यावर जडला.

"आबाजी, फोटो पाहा याचा! मिशीचा केस न केस दिसतो."

आबाजी म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. उभी हयात त्याने धानाच्या बांधीवर जागली केली, रात्र रात्र मचाणावर बसून रानडुकरं हाकलली. त्याने दोन्ही कॅमेरे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "मिशी मोजायची आहे का आपल्याला? दोन्ही एकाच झाडाला बांधा. समोरून कोण गेलं ते वहीत लिहा. मग पाहू कोणाला काय दिसलं."

वही लिहायचं काम नववीतल्या एका मुलीने मागून घेतलं. तिचं घर पांदणीवरच होतं. शाळेतून आली की ती अंगणात बसायची आणि येणाराजाणारा टिपायची. पाच दहा, बकऱ्या, सतरा. पाच चाळीस, बैलगाडी. सहा वाजता काळा कुत्रा, एकटा.

झाडही आबाजीनेच निवडलं. पण त्याआधी वनरक्षकाने त्याला एक गोष्ट दाखवली. ग्रामपंचायतीत मोबाइलला रेंज आहे म्हणजे झाडापाशी असेलच असं नाही. त्याने तीन कंपन्यांचे तीन मोबाइल मागवले आणि झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसून, गुडघ्याच्या उंचीवर धरून पाहिले. कारण कॅमेरा बांधायचा तो तिथे. दोन मोबाइल मेल्यासारखे पडले, एकाला दोन काड्या आल्या. त्याच कंपनीचं सिम घ्यायचं ठरलं. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला नको, उगवतीचं ऊन भिंगात शिरतं, म्हणून ते उत्तरेला केलं.

पहिल्याच संध्याकाळी फरक दिसला. मोठ्या आकड्यांच्या कॅमेऱ्यात शेवटच्या बकरीची शेपटी आणि गुराख्याची काठी आली. चित्र सुरेख, काठीवरच्या गाठीसुद्धा मोजाव्यात इतकं. साध्या कॅमेऱ्यात पहिल्या बकरीचं तोंड आलं, जरा धूसर. हे कॅमेरे एरवी झोपलेले असतात. समोर ऊब हलली की आतला सेन्सर त्यांना उठवतो. मोठ्याला उठायला सेकंदाहून जास्त वेळ लागत होता, आणि तेवढ्यात चालतं जनावर समोरून पार होतं. त्यातून खोक्यावरचे मेगापिक्सेल पुष्कळदा आतल्या चिपचे नसतातच. लहान चित्र आतल्या आत फुगवून मोठं केलेलं असतं. मोबाइलवर तर बहुधा त्याची बारकी प्रतच येते. घेणाऱ्याने पैसे मोजावेत ते उठण्याच्या चपळाईसाठी.

दुपारी एक वेगळंच कळलं. पारा चढलेला होता. मुलगी तीन वाजता स्वतः बकरी घेऊन दोन्ही कॅमेऱ्यांसमोरून गेली, परत आली, पुन्हा गेली. एकाही कॅमेऱ्याने फोटो काढला नाही. तिला वाटलं दोन्ही बिघडले. वनरक्षक हसला नाही. त्याने तिला खाली बसवून नीट समजावलं. सेन्सर जनावर ओळखत नाही, अंगाची ऊब आणि भोवतालची ऊब यांतला फरक ओळखतो. जमीन, झाडं, हवा सगळंच अंगाइतकं तापलं की त्याला काही हललेलं कळत नाही. थंड मुलखातल्या शिकाऱ्याला ही अडचण येत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे येते. मुलीने वहीत ठळक लिहिलं: भर उन्हात कॅमेऱ्यावर विसंबू नये. मला विचाराल तर त्या पंधरा दिवसांतली सर्वांत मोलाची ओळ हीच.

चौथ्या दिवशी वारा सुटला. मोठा कॅमेरा सरळ उन्हात डोलणाऱ्या गवताकडे पाहत होता. त्याने गवताचे फोटो काढले आणि एकूण एक पाठवले. वनरक्षकाला यात नवल वाटलं नाही. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते. त्यांत सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो आले, आणि वाघाचे होते त्यांतले ७६,६५१. बाकी इतर जनावरं, ढोरं, माणसं आणि गवतपाला. पण ते कॅमेरे फोटो कार्डात साठवत होते. मोबाइलवर पाठवणाऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी फोटो काढण्यापेक्षा तो पाठवण्यात जास्त जाते.

सहाव्या दिवसापासून मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो यायचे थांबले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गाइड पोरं ग्रामपंचायतीत आली. "सरपंचबाई, तीन दिवस झाले, एक फोटो नाही. वाघानं वाट सोडली. उद्या बायांना मोह वेचायला जाऊ द्या."

बाया ऐकतच होत्या. दोघींनी तर टोपल्या काढूनही ठेवल्या होत्या. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पण बकऱ्या तर रोज जाऊन राहिल्या. परवा सतरा, काल सतरा. वाघ गेला असेल, पण बकऱ्या कुठं गेल्या?"

कोणाला उत्तर सुचेना. सरपंचबाईंनी आपला मोबाइल काढला. साध्या कॅमेऱ्याचे फोटो त्यांच्याकडे येत होते. त्यात बकऱ्या होत्या, बैलगाडी होती, रात्री दोन वाजता गेलेला एक सांबर होता. शिवाय रोज सकाळी सहाला एक कोरडा निरोप होता: बॅटरी इतकी, रेंज इतकी, काल फोटो इतके. अवकाळी पाऊस आला त्या दिवशी पांदणीवर कुत्रंही फिरकलं नव्हतं, तेव्हाचाही निरोप होता. फोटो: ०. ते पाहून पोरं आधी हसली होती. काही दिसलं नाही हे सांगायला पैसे कशाला घालवायचे, म्हणत होती.

सगळे झाडापाशी गेले. मोठा कॅमेरा उघडून पाहिला तर बॅटऱ्या पार संपलेल्या.

आबाजी तिथेच धुऱ्यावर बसला. पोरांना वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण तो शांतपणे म्हणाला, "बॅटरी संपली यात त्याचं पाप नाही. कोणाचीही संपते. पण संपत आली हे त्यानं सांगितलं नाही, आणि आपण त्याच्या गप्प बसण्याला 'वाघ नाही' असं समजलो. हा एकटाच झाडाला असता तर उद्या आपण बायांना कोणाच्या भरवशावर पाठवलं असतं?"

मग म्हणाला, "माझा बाप गावचा जागल्या होता. रातभर हाळी देत फिरायचा. चोर दिसला म्हणून नाही. चोर नाही दिसला तरी द्यायचा. लोक त्या हाळीवर झोपत. एखाद्या राती हाळी आली नाही की माणसं काठ्या घेऊन बाहेर येत, कारण गप्प जागल्या म्हणजे झोपला तरी असेल, नाही तर मेला तरी असेल. ज्याला राखणीवर ठेवायचं त्यानं काही नसलं तरी सांगितलं पाहिजे. सांगत नाही तो राखणदार नव्हे, मग मिशीचा केस दाखवो नाही तर अजून काही."

साधा कॅमेरा घ्यायचा ठरला. त्यातही कॅमेरा चोरणाऱ्याला अंधारात लाल ठिपका दिसणार नाही असं रात्रीच्या फोटोचं यंत्र आहे का, हे पाहून घेतलं. त्या प्रकारात उजेड जरा कमी दूर पोचतो, पण पांदण अरुंद होती, भागण्यासारखं होतं. लोखंडी पेटी, कुलूप. आणि ग्रामसभेच्या वहीत नियम लिहिला: सकाळी सहाचा निरोप आला तरच बायांनी निघायचं. निरोप नाही, तर वाघ वाटेवर आहे असं धरून चालायचं. वनरक्षकाने त्याखाली आणखी एक वाक्य घालायला लावलं. निरोप आला याचा अर्थ रानात वाघ नाही असा नव्हे. कॅमेरा जागा होता आणि त्याला त्या एका वाटेवर दिसलं नाही, एवढाच. तेव्हा एकटीने जायचं नाही, बोलत-ओरडत जायचं.

एप्रिलमध्ये एका पहाटे निरोप आला नाही. बाया टोपल्या घेऊन वेशीत उभ्या. मोहफुलांची एक सकाळ बुडणं म्हणजे घरात येणारा पैसा बुडणं, हे शहरात बसून कळत नाही. साडेसहा झाले, सात झाले. एकीचा नवरा सरपंचबाईंवर ओरडला, "यंत्र बंद पडलं म्हणून आम्ही उपाशी मरायचं का?" सरपंचबाई म्हणाल्या, "दादा, मागच्या साली कोण पडलं होतं तिथं, ते विसरलात का?" हात अधू झालेली ती बाई तिथेच उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही, पण टोपली खाली ठेवून बसली. मग बाकीच्याही बसल्या.

चांगलं उजाडल्यावर वनरक्षक आणि चार गडी डबे वाजवत गेले. वाघाचा माग नव्हता. वानरांनी कॅमेऱ्याचा अँटेना मोडून टाकला होता, एवढंच. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा निरोप चुकला, तेव्हा सिमचा रिचार्ज संपला होता. तो दोष कॅमेऱ्याचा नव्हता, गावाचा होता. मुलीने वहीच्या पहिल्या पानावर रिचार्जची तारीख लाल शाईने लिहिली, अँटेना दोन आणून ठेवले, आणि बॅटऱ्या निम्म्यावर आल्या की बदलायच्या असं ठरवून टाकलं.

मोठा कॅमेरा परत गेला नाही. गाइड पोरांनी वर्गणी काढून तो ठेवून घेतला, वनरक्षकाला विचारून गावाच्या बोडीवर बांधला आणि समोरचं गवत कापून काढलं. तिथे कोणाचा जीव त्याच्यावर टांगलेला नव्हता, आणि तिथे त्याने जे दाखवलं ते दुसऱ्याला जमलं नसतं. पाठीवर दोन पिल्लं घेतलेली अस्वल पाण्यावर आली; एक पिल्लू घसरलं, आईने थांबून त्याला पुन्हा चढू दिलं, आणि हे सगळं आवाजासकट टिपलं गेलं. शाळेच्या भिंतीवर ते दाखवलं तेव्हा आबाजीने तीनदा लावायला सांगितलं. पोरांना वनरक्षकाची अट एकच होती: व्हिडिओ मोबाइलवर लगेच फिरवायचा नाही, चार दिवस जाऊ द्यायचे, आणि बोडीचं नाव कुठेही लिहायचं नाही, कारण जनावर कुठे पाणी पितं हे शोधणारे सगळेच लोक त्याला पाहायला येतात असं नाही.