अद्भुताची पावती

हैदराबादेत मराठीतून केवळ अद्भुतकथांना वाहिलेले एक मासिक निघावे, असा मनसुबा इथल्या साहित्यप्रेमी मंडळींत अधूनमधून बोलला जातो. आणि आश्चर्य असे की, त्यावर पहिली हरकत येते ती कागदाच्या भावाची किंवा वर्गणीदारांच्या तुटवड्याची नसून धर्माची असते. सुधारक विचारतात, गंडे-ताइतांच्या मुलखात आणखी जादूटोणा छापून कोणाचे हित साधायचे आहे? श्रद्धाळू म्हणतात, ज्या डोळ्यांनी आम्ही परमेश्वराच्या लीला वाचल्या त्याच डोळ्यांनी कोणा लेखकाच्या कल्पनेतले राक्षस आणि पऱ्या वाचल्या, तर उद्या लीलाही थापच वाटू लागतील. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एका गृहीतावर मात्र बिनतक्रार एकत्र येतात: अद्भुता-अद्भुतातला भेद वाचकाला कळत नाही.

वास्तविक असे मासिक मराठीला अपूर्व नाही. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ यांच्या जोडीला पुण्याहून ‘नवल’ चालवले आणि गूढ, भय व अद्भुत यांना मराठीत हक्काचे घर मिळवून दिले. मद्रासेहून नागिरेड्डी व चक्रपाणी यांनी १९४७च्या जुलैत ‘चंदामामा’ तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केला आणि १९५२ साली तो ‘चांदोबा’ होऊन मराठी घरांत आला. खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा विक्रम एका पिढीने महिन्यामागून महिने पाहिला. परंतु त्यामुळे कोणी अमावास्येला स्मशानात जाऊन झाडे तपासल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्न खरोखर कोठे आहे हे पाहायचे तर हैदराबादेहून फार लांब जाण्याचे कारण नाही. बीदर ही एके काळी बहमनी सुलतानांची राजधानी. १९५६पर्यंत ते निजामाच्या मुलखातले व त्यानंतरच्या हैदराबाद राज्यातले जिल्ह्याचे ठिकाण. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी धान्यकोठारे दामाजीपंतांनी लोकांना खुली केली, बादशहाचा हुकूम सुटला, आणि पंत बीदरला पोहोचण्यापूर्वीच विठू महाराच्या वेषात पांडुरंग दरबारात हजर होऊन धान्याची किंमत खजिन्यात भरता झाला, ही कथा महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’तून घरोघर गेली. या कथेतले मला सर्वांत विलक्षण वाटते ते देवाचे रूप पालटणे नव्हे. देव आणि वेषांतर ही जोडी पुराणांना नवी नाही. विलक्षण आहे ती रसीद. ज्याच्या इच्छेवर विश्व चालते तो खजिनदारापुढे उभा राहून रोकड मोजून देतो, शिक्क्यानिशी पावती मागून घेतो आणि ती आपल्या भक्ताच्या पोथीत ठेवून जातो. श्रद्धेला पुरावा नको असतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण श्रद्धेच्या या कथेने दप्तरी पुरावा अगत्याने जपला आहे, कारण ‘हे घडले’ असा तिचा दावा आहे, आणि दावा करणाऱ्याने कागद दाखवावा हे रास्तच होय. तो दावा मानणारा वारकरी आणि नाकारणारा इतिहाससंशोधक, दोघेही एकाच प्रश्नाला उत्तर देत असतात.

आता त्याच दख्खनेत रुजलेल्या उर्दूतली दुसरी कथा घ्या. अमीर हमजा हे पैगंबरांचे चुलते, म्हणजे परम आदरणीय पुरुष. तरीही दास्तानगोंनी त्यांच्या नावाभोवती देव, पऱ्या आणि जादूगार यांचे एवढे विश्व उभारले की लखनौच्या नवलकिशोर छापखान्याला ते ४६ खंडांत छापावे लागले. १८८३पासून निघालेला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा त्यातलाच सर्वांत लोकप्रिय भाग. तिलिस्म म्हणजे जादूगारांनी ईश्वराच्या सृष्टीत उभी केलेली प्रतिसृष्टी. तिला सम्राट आहे, सरहद्दी आहेत, सैन्य आहे. मात्र तिची किल्ली असलेली एक ‘लौह’, म्हणजे पाटी, कोठेतरी असतेच, आणि ही सृष्टी एक दिवस कोणाच्या हातून मोडणार हेही तिच्या निर्मात्यांनी आधीच नेमून ठेवलेले असते. होशरुबा कोणत्या तालुक्यात मोडते, असे आजवर कोणा श्रोत्याने विचारले नाही, आणि हमजांच्या ठायी असलेला त्याचा आदरही त्यामुळे उणावला नाही. जी प्रतिसृष्टी आपल्या नाशाचा लेख स्वतःच बाळगते, तिला पावतीची गरज उरत नाही.

हा भेद काही नवा नाही: पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगताना विपर्यय आणि विकल्प यांना वेगवेगळे आसन दिले आहे. पहिल्यात वस्तू एक आणि ज्ञान भलतेच. दुसऱ्यात केवळ शब्दांच्या आधाराने उठलेली, मागे वस्तूच नसलेली प्रतीती. भोंदू बाबाचा चमत्कार पहिल्या जातीचा आहे, होशरुबा दुसऱ्या जातीची. आणि सुधारकांचा सारा रोष जो पहिल्यावर असावयाचा तो नाहक दुसऱ्यावर खर्च होतो.

इतके झाल्यावर ‘योगवासिष्ठा’तला गाधी ब्राह्मण आठवून मन थोडे चाचरते, हे मात्र सांगितले पाहिजे. पाण्यात बुडी मारलेल्या क्षणात तो एक समग्र परजन्म भोगतो: चांडाळाच्या घरी वाढतो, परदेशात राजा होतो, जात उघडकीस आल्यावर अग्निप्रवेश करतो. पुढे तो त्या गावांचा शोध घेत जातो, तेव्हा पडके घर, साक्षीदार, सारे जसेच्या तसे सापडते! येथे पावती मिळते आणि तरीही विष्णू तिला माया म्हणतो. म्हणजे पुराव्याने सत्य ठरते ही आमची समजूतही ज्याने हलवली, त्या ग्रंथाने अखेर आपले काम कथेवरच सोपवले, प्रमाणशास्त्रावर नव्हे. ज्या परंपरेला एवढा धीटपणा पचला, तिला एका मासिकाची धास्ती का वाटावी?

ही धास्ती टाळण्याची एक सोपी वाट रूपककथेची आहे: मुल्ला वजहीचा ‘सबरस’ (१६३५) हैदराबादेजवळच्याच गोवळकोंड्याच्या दरबारातला. अक्ल, दिल, इश्क आणि हुस्न ही त्यातली पात्रे. ते पुस्तक मोठे आहे, पण प्रत्येक पात्राचा अर्थ त्याच्या नावातच लिहिलेला असल्यामुळे माझ्या मते त्यात अद्भुत थोडे आणि उपदेश फार. धर्माचे अभय मिळावे म्हणून नव्या मासिकाने रूपककथांचा आडोसा घेऊ नये. त्याने दखनी मसनव्यांतल्या, म्हणजे कथाकाव्यांतल्या, पऱ्या निर्धास्तपणे मराठीत आणाव्यात, नवे तिलिस्म रचावेत. फक्त गोष्टीच्या डोक्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असे लिहिलेले हस्तलिखित आले तर साभार परत करावे. अशा गोष्टींनाच खप अधिक असतो हे मला ठाऊक आहे, आणि मासिकाचा हिशेबनीसही ते संपादकांना दर महिन्याच्या अखेरीस सांगितल्यावाचून राहणार नाही.